साडेपाच तास थांबवलेलं घड्याळ

“काटे मागं फिरवणार नाय, वेळच इथवर येऊ द्या,” असं घड्याळजी कमरोद्दीन म्हणाले, त्याला आता वर्ष होईल. रोज सकाळी वडील किल्ली घेऊन बसले की तनुजाला ते आठवतं.

वडील सर्जेराव मूळचे लासूर स्टेशनचे. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते. शेवटचं जहाज भंगारात निघालं तेव्हा कप्तानानं त्यांना त्यावरचं क्रोनोमीटर, म्हणजे जहाजाचं घड्याळ, दिलं. लाकडी पेटीतलं, पितळी कड्यांवर झुलणारं. जहाज कितीही कललं तरी ते सपाटच राही. त्याला रोज आठला साडेसात वेढे किल्ली द्यायची. गेल्या उन्हाळ्यात ते बंद पडलं आणि सर्जेरावांनी अंथरूण धरलं.

तनुजानं ते दुकानोदुकानी नेलं, तीन दुकानदारांनी हात वर केले. चौथे कमरोद्दीन.

“स्कूटीवर आणलंत? पुंडलिकनगरच्या खड्ड्यांतून? त्याला समुद्र बरा होता.”

आतलं तेल वाळून गोंद झालं होतं. बारा दिवसांनी कमरोद्दीन पेटी छातीशी धरून चालत घरी आले. सर्जेरावांनी झाकण उघडलं. घड्याळ चालत होतं, साडेअकरा दाखवत होतं.

“हे काय केलंत?”

“मोबाईल बघा साहेब. साडेअकराच वाजलेत.”

“इथले. याच्यात ग्रिनिचची वेळ असते, साडेपाच तास मागं. सूर्य माथ्यावर आला की ती बघून आम्ही जहाज कुठं आहे ते काढायचो. एडन असो की कलकत्ता, ती कधी बदलली नाही.”

चाळीस वर्षं प्रत्येक घड्याळ नीट लावूनच गिऱ्हाइकाला देणारे कमरोद्दीन खजील होऊन पेटीवर वाकले. मग काटे मागं फिरवणार नाय म्हणत त्यांनी कागदाची पट्टी सारून आतलं चक्र थांबवलं.

“मग पुढं फिरवा ना, चाचा,” तनुजा म्हणाली.

“साडेसहा तास? आत्ताच बरं झालंय ते. त्याला किती छळायचं?” मग “वेळच इथवर येऊ द्या” म्हणत त्यांनी खुर्ची ओढली. “पाचला तिकडं साडेअकरा होतील.”

“आणि दुकान?”

“कुलूप आहे.”

ते जेवले. वादळांच्या गोष्टी ऐकल्या, दोन-तीन खोट्या वाटल्या तर तसं म्हणालेही. नमाजाची वेळ झाली तेव्हा सर्जेराव कितीतरी दिवसांनी खाटेवरून उठले आणि खिडकीशी जाऊन त्यांनी पश्चिम दाखवली.

पाचला कमरोद्दीननी चिमट्यानं कागद काढला, पेटीला हलकासा हिसका दिला. टिकटिक सुरू झाली. सर्जेरावांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला तो सोडेचनात.

“चाचा, तुमचे उपकार...” तनुजा म्हणू लागली.

कमरोद्दीननी हळूच हात सोडवून घेतला, काचेला कान लावला, चिमटा खिशात घातला. चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरून गेले.