हाकोनेची काळी अंडी

आईचा व्हिडिओ कॉल आला की मी आधी अंड्यांचा डबा ओट्यावरून उचलून फ्रिजवर ठेवते. चाळिशी उलटली, इथे अमेरिकेत, श्रूजबरीत स्वतःचं घर घेतलं, तरी सवय काही जात नाही. आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरात अंड्यालाच काय, त्या शब्दालाही बंदी होती. ‘ते’ म्हणायचं. "त्यांच्याकडे ते खातात हो," असं, आवाज खाली आणून.

यंदा आम्ही दोघी जपानमध्ये भेटणार होतो. आईला अमेरिकेने दोनदा व्हिसा नाकारला, आणि मला भारतात जाऊन परतीच्या व्हिसासाठी अडकायची भीती; जपानमध्ये तो पटकन मिळेल असं वाटलं, म्हणून हा मधला देश. ती पुण्याच्या एका टूरबरोबर येणार आणि मी तिला हाकोनेला गाठणार, असं ठरलं. तिथे डोंगरातूनच वाफा येतात, पाणी उकळत असतं. "आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांसारखं असेल, फक्त स्वच्छ," आई म्हणाली होती.

मग वकिलाने सांगितलं, कुठेच जाऊ नका. इथे राहायची परवानगी आहे, पण परत आत यायला लागतो तो पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय, नवा शिक्का देशाबाहेरच मिळतो आणि हल्ली तो कधी मिळेल याचा नेम नाही. म्हणजे मी तिकडे, आणि नोकरी, लेक, घर सगळं इकडे. ग्रीन कार्डच्या रांगेत माझा नंबर कधी येईल विचारलं तर म्हणाला, "यू नो हाऊ इट इज." डोंबलाचं हाऊ इट इज!

तिकीट कॅन्सल केलं. नातेवाइकांना वाटतं, ही अमेरिकेत मजेत आहे. अहो, कसली मजा! दार सताड उघडं आहे, पण बाहेर पडले तर परत आत घेतील का, ते कोणी सांगत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जीव नुसता कोंडतो. त्या दिवसांत मी घरात सगळ्यांवर खेकसत होते.

आई एकटीच गेली. आमची जेवणं उरकत होती तेव्हा तिचा कॉल आला, तिकडे सकाळ होती. मागे पिवळट डोंगर, वाफांचे लोट आणि सारख्या टोप्या घातलेले टूरचे काका-काकू.

"काय घाण वास गं इथे! सडक्या अंड्यांचा!"

"तुला कसा माहीत सडक्या अंड्यांचा वास?"

"गप्प बस." ती हसली आणि हातातलं अंडं दाखवलं. काळंकुट्ट. "इथल्या झऱ्यात उकडतात, म्हणून टरफल असं होतं. गाइड सांगत होता, एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं."

"बरं. देऊन टाक कुणाला तरी."

तिने फोन शेजारच्या काकूंच्या हातात दिला. टरफल सोललं. आत नेहमीसारखंच पांढरं. नाक दाबलं आणि खाल्लं. माझी आई! जन्मात पहिल्यांदा. घास फिरत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, ती पाण्याच्या घोटाबरोबर गिळत होती.

"आई, अगं काय करतेयस!"

तिने दुसरं सोलायला घेतलं.

"बास कर, ओकशील!"

तेही संपवलं. मग पदराने तोंड पुसून फोन हातात घेतला.

"चौदा वर्षं झाली बघ," ती म्हणाली. "तेवढ्यात येईल ना गं तुझा नंबर?"