दंड बघणाऱ्या बाई

“बाही वर.”

आमच्या मुख्याध्यापिका बाईंचं मुलांशी पहिलं बोलणं हे. जूनमध्ये त्या शाळेच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि पोर आलं की नाव विचारण्याआधी दंड बघत. देवी काढल्याचा, म्हणजे देवीची लस टोचल्याचा, वण दिसला तर पोर आत, नाही तर देवी डॉक्टर सायकलवरून येईपर्यंत बाहेर. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना नियम पाळण्यात देवपूजेचं समाधान मिळतं.

मी सांगलीहून, विश्रामबागचं कॉलेज संपवून, पलूसजवळच्या त्या शाळेत तात्पुरता मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझ्या खिशात नेमणुकीचा कागद होता आणि पिशवीत पत्रकांचा गठ्ठा.

“बाही वर, मास्तर.”

मी शोषितांच्या शिक्षणावर बोलायला तोंड उघडलं होतं. ते तसंच ठेवून बाही वर केली. दोन गोल वण बघून बाई म्हणाल्या, “बसा. पदवी नंतर दाखवा.”

मला हा जुलूम वाटला. लस हवी, पण तिच्यासाठी दारात पहारा कशाला? रात्री बसून ‘निषेध! शाळेच्या दारातला पहारा हटवा!’ असं भित्तिपत्रक लिहिलं आणि खळ लावून शाळेच्याच भिंतीवर डकवलं. बाईंनी ते उभ्यानं वाचलं.

“अक्षर झकास आहे तुमचं. पण लय तापता, मास्तर. पाणी प्या.”

त्याच आठवड्यात एक मेंढपाळ जोडपं मुलीला घेऊन आलं. कळप पश्चिमेकडून परत आटपाडीकडं निघालेला. मुलीचा मामा आमच्या गावात सालगडी होता. तिला त्याच्याकडं ठेवून शाळेत घालायचं बापाच्या मनात होतं.

“बाही वर.”

दंड कोरा.

“टोचा की,” बाप म्हणाला.

आई मात्र हलेना. “टोचायला माजी ना न्हाई. पर देवी काढली की खपली पडूस्तवर आय लेकराला सोडत न्हाई आमच्यात. आन मेंढरं तर थांबायची न्हाईत. पुढल्या वर्साला बघू.”

पुढल्या वर्षी ती पोर कोकरं वळायच्या वयाची होणार, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. आणि मी तापलो. आधी बाईंना सुनावलं, की नियम माणसांसाठी असतात. मग वळून त्या आईला अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. एका दमात दोन आघाड्या! आईनं शांतपणे ऐकलं, सामानाची पाटी डोक्यावर घेतली, मुलीचा हात धरला आणि चालू लागली. जाता जाता नवऱ्याला म्हणाली, “ह्यो मास्तर हितं रोज आसतो व्हय?”

बाई उठल्या. अंगानं चांगल्याच भारी. पदर खोचून त्या रस्त्यावर धावल्या, तेव्हा अख्खी शाळा खिडकीत गोळा झाली.

“आवं पाव्हणं, थांबा! मेंढरं बसवायचं काय घेता?”

आपल्याकडे खतासाठी शेतकरी कळप रानात बसवून घेतो आणि त्याबदली मेंढपाळाला धान्य देतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. त्याचा शाळेशी संबंध असू शकतो, हे मात्र माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

“रान कुठलं?” बापानं विचारलं.

“शाळेचं. मागं पडीक तुकडा हाय. दिवसा माळावर चारा, रातीला हितं बसवा. जवारी माझ्या घरची. खपली पडली की मग जावा.”

बापानं बायकोकडं बघितलं. तिनं पाटी खाली ठेवली.

देवी डॉक्टर आला, मुलीला टोचून गेला. पुढं लेंड्यांच्या वासात आम्ही पाढे म्हटले. एका शेळीनं खळीच्या मोहानं माझं भित्तिपत्रक खालून खाल्लं. ‘निषेध!’ एवढंच वर उरलं, तेही तिची मान पोचली नाही म्हणून.

लेकराला देवी काढलेली असताना जवळपास फोडणीचा वास नको, अशी त्या आईची रीत. बाई शाळेलगतच्या खोलीत राहत आणि मी त्यांच्याकडंच जेवत असे. खपली पडेपर्यंत त्यांच्या चुलीवर फोडणी झाली नाही.

“बाई, हे अंधश्रद्धेपुढं लोटांगण झालं,” मी दुसऱ्याच दिवशी म्हणालो.

“लस टोचलीय का न्हाई? मग माझ्या आमटीला फोडणी नसली, तर तुमच्या शास्त्राचं काय बिघडलं? मीठ घ्या वरून.”

मी मीठ घेतलं. दुसऱ्यांदाही वाढून घेतलं.

खपली पडली. बाईंनी वण बोटानं चाचपला आणि हजेरीत नाव चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच कळप निघाला. आई मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून मेंढरांमागं गेली. पोर रडेना, नुसती पाय उंचावून बघत राहिली. बाईंनी तिला उचलून खांद्यावर बसवलं. घंटेची वेळ टळून गेली होती, पण बाई हलल्या नाहीत.

धुरळा खाली बसला. रस्ता मोकळा झाला.

“दिसती का गं आय?” बाईंनी विचारलं.

“न्हाई.”

“मला दिसती अजून,” बाई म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.