टॅमरॅक कुणाच्या वाट्याला

आयली रौतियो दोन वेळा रडेल असं मला वाटलं होतं. एकदा तिचा नवरा आर्वो गेला तेव्हा, आणि एकदा आमचा मतदारसंघ गेला तेव्हा. दोन्ही वेळा तिने कॉफी ठेवली, वेलदोड्याचा पाव कापला आणि आलेल्यांना विचारलं, "दूध घालू का?"

मी तिच्या समोरच्या घरात राहते. टॅमरॅकमधली आमची गल्ली उताराची, आणि उतार संपतो तिथे लोखंडाची खाण. खाण बंद पडली तसं तिच्यात पाणी साचलं, आता बदकं येतात. चालू होती तेव्हा माझा नवरा आणि आर्वो एकाच पाळीला जायचे आणि आयली शाळेच्या स्वयंपाकघरात असायची. पण गावात तिची खरी ओळख निवडणुकीची. डेमोक्रॅट पक्षाचं आमच्या भागातलं सगळं तीच बघायची. कोण आजारी आहे, कुणाला गाडीतून मतदानाला न्यायचं, कुणाचं पक्षाशी बिनसलंय आणि कुणाचं नुसतं ऐकून घेतलं तरी भागतं, हे सगळं तिच्या डोक्यात. पगार नव्हता. मानही फारसा नव्हता. तिने कधी मागितलाही नाही.

आमचे खासदार वॉल्ट डुशेन दर सप्टेंबरात कामगार संघटनेच्या हॉलमध्ये मासे खायला यायचे.

"आयली, तुझ्या हातचा मासा खाल्ला नाही तर मला वॉशिंग्टनला झोप लागत नाही," ते म्हणायचे.

"मासा पीट तळतो, वॉल्ट. मी नुसता वाढते. दर वर्षी सांगते."

"मग वाढण्यातच काहीतरी आहे बाई."

पीट वुकेलिच चुलीपाशी उभा राहून ओरडायचा, "झारा माझ्या हातात आणि नाव हिचं!" खाणीत तो आर्वोचा मुकादम होता. सगळा हॉल हसायचा. तेव्हा हॉल भरायचा.

पुढे भरेनासा झाला. खाण गेली, मग दवाखाना गेला, शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत विलीन केली. पोरं एकेक करून निघाली. माझ्या दोन्ही मुली ॲरिझोनात आहेत. आयलीचा डॅरिल टेक्ससला गेला, तिथे घरांची छपरं घालण्याच्या कामावर लागला आणि तिथलाच झाला. तिकडे कालच्या शेतात आज घरं उभी राहतात म्हणे. इकडे घरं होती, दारांना फळ्या ठोकत होतो.

मग शिरगणती झाली. आमच्या राज्यातली माणसं काही फार घटली नव्हती, पण दुसरीकडची आमच्यापेक्षा भराभर वाढली होती. संसदेतल्या जागा ठरलेल्या, त्या डोक्यांप्रमाणे वाटायच्या. आमच्या राज्याची एक जागा गेली. मी आयलीच्या स्वयंपाकघरात बसले होते तेव्हा डॅरिलचा फोन आला. तो नेहमी इतक्या मोठ्याने बोलतो की फोन कानाला लावावाच लागत नाही.

"आई, ऐकलंस का? आमच्याकडे जागा वाढल्या."

"वाढणारच," आयली म्हणाली. "तू आहेस ना तिथे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. पोरांचे दात डॉक्टरांना दाखवलेस का?"

राज्यात एक जागा कमी म्हणजे सगळ्या मतदारसंघांच्या रेषा नव्याने आखायच्या. विधिमंडळाची समिती आमच्या भागात लोकांचं म्हणणं ऐकायला आली. आयलीने चर्चचा निळा कोट घातला, मी गाडी चालवली. तिची पाळी आली तेव्हा ती ध्वनिक्षेपकापाशी उभी राहिली आणि गाडीत ठरवलेलं सगळं विसरली.

"आम्हाला खालच्या, शहराजवळच्या उपनगरांना जोडू नका," ती म्हणाली. "त्यांना रस्त्यावर गाड्यांचा त्रास. आमच्या रस्त्यावर गाडीच नाही. एकच खासदार दोघांचं काय सांगणार?"

लोक हसले. समितीचे अध्यक्ष वयस्कर होते, बोलायला सभ्य. ते म्हणाले, "बाई, प्रत्येक मतदारसंघात डोकी सारखी लागतात, कायदाच तसा आहे. तुमच्याकडे जंगल आहे, तळी आहेत, सगळं आहे. डोकी कुठून आणू?"

आयली "थँक यू" म्हणून जागेवर येऊन बसली.

परतताना मी म्हटलं, "चांगली बोललीस."

"हसले ना?"

"हसले की."

"वॉल्टच्या सभांना इतकी वर्षं बसलेय मी. लोक हसले की त्यांना वाटतं काम झालं. मग घरी जातात."

नकाशा हिवाळ्यात आला. आमचा मतदारसंघ लांब मोज्यासारखा झाला होता. टॅमरॅक वरच्या काठाला, आणि खाली पार उपनगरांत रुतलेला अंगठा. डोकी पुरवायला तो लांबवला, हे समजत होतं. पण मध्ये सरोवराकाठचं कॉलेजचं गाव होतं, आमच्या पक्षाचा बालेकिल्ला. तिथे येऊन रेषा वळसा घेत होती आणि ते गाव बाहेर ठेवत होती. हा वळसा कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही. न सांगता कळलं. राज्याच्या विधिमंडळात ज्यांचं बहुमत, त्यांच्याच हातात पेन्सिल. कुणीतरी कोर्टात गेलं. कोर्टाने नकाशा तसाच ठेवला.

वॉल्टचं राहतं घर दुसऱ्याच खासदाराच्या मतदारसंघात गेलं. त्यांनी आयलीला फोन केला.

"मी या वेळी उभा राहत नाही, आयली."

"बरं."

"तुला काहीच बोलायचं नाही?"

"तब्येत कशी आहे तुमची?"

ती त्यांना पहिल्यांदाच "तुमची" म्हणाली होती.

उन्हाळ्यात पक्षाच्या उपनगरातल्या कचेरीतून मॅलरी नावाच्या मुलीचा फोन आला. आवाज गोड होता. "मिसेस रौतियो, या वेळी वरच्या भागात प्रचाराचे फलक पाठवायचे नाहीत असं ठरलंय. सगळा जोर उपनगरांत लावायचा."

"मग आम्ही काय करायचं?"

"तुम्ही करता तेच करत राहा ना! तुमच्यासारख्यांच्या जिवावरच पक्ष उभा आहे."

फोन ठेवून आयली माझ्याकडे वळली. "उभा आहे म्हणे. कुठे, ते विचारायला हवं होतं."

त्याच सुमाराला पीट वुकेलिचच्या अंगणात रिपब्लिकनांचा फलक लागला. गल्लीत कुणी त्याच्याशी बोलेना. आयली मात्र सरळ त्याच्या पायरीपर्यंत गेली, मी मागे.

"पीट, हे काय?"

"राग मानू नकोस. जन्मभर तुमच्याबरोबर होतो. काय मिळालं? खाणीत बदकं पोहतायत."

"आणि ते काय देणार आहेत?"

"काही नाही. पण त्यांच्याकडून काही न मिळण्याची मला अजून सवय नाही."

मला हसू आलं. आयलीला आलं नाही. तिने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. त्याला काठीशिवाय पायरी उतरता येत नव्हती.

"मतदानाच्या मंगळवारी गाडी हवी का?"

"तुझ्या गाडीत बसून तुझ्याविरुद्ध मत देऊ?"

"गुडघा दुखतोय ना? मग."

मतदानाच्या दिवशी बर्फाचा चिखल झाला होता. टॅमरॅकचं मतदान केंद्र बंद झालेलं, माणसं कमी म्हणून. जायचं शेजारच्या गावी, त्यांच्या अग्निशमन बंबाच्या गॅरेजमध्ये. मी आयलीबरोबर पुढे बसले आणि आम्ही सकाळपासून खेपा घातल्या. दम्याची म्हातारी मिसेस किव्हेला, चाकाच्या खुर्चीतला रॉय, मग पीट. पीट सगळा रस्ता हवेबद्दल बोलला. उतरताना म्हणाला, "आर्वो असता तर त्याने मला वाटेतच उतरवलं असतं."

"आर्वोला गाडी नीट चालवता कुठे येत होती," आयली म्हणाली. पीट बाहेर येईपर्यंत तिने इंजिन चालू ठेवलं, त्याला थंडी वाजू नये म्हणून.

अंधार पडायला लागला तेव्हा शेवटच्या बाईंना आत सोडून आम्ही गाडीत थांबलो. मी माझं मत सकाळीच दिलं होतं. आयलीने दिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"आयली, तुझं राहिलं की. जा पटकन."

"हो."

ती हलली नाही. काचेवरचे वायपर फिरत होते. आतल्या कर्मचारी बाईने दारातून हात केला, आयलीनेही हात केला. आमच्या बाई मत देऊन मागे येऊन बसल्या, पायांवर चादर ओढून घेतली.

"आता बंद करतील गं," मी म्हटलं.

"करू देत."

"पाय दुखतायत का? हात देऊ?"

"पाय ठीक आहेत."

गॅरेजचं मोठं दार खाली आलं. आतला दिवा फटीतून थोडा वेळ दिसत राहिला. आयलीने गाडी सुरू केली आणि हमरस्त्याला लागल्यावर, मी काही विचारलेलं नसताना, म्हणाली, "मी रुसलेली नाही, रोझान. तसं समजू नकोस. उठून तिथवर जावं असं काही वाटलंच नाही. वाट पाहिली मी, वाटेल म्हणून."

मागच्या बाईंना कमी ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"रस्ता निसरडा आहे म्हणाली," मी सांगितलं.

आमचा उमेदवार सपाटून पडला. निकाल उपनगरांनीच लावला. टॅमरॅकची सगळी मतं एका बाजूला पडली असती तरी काही फरक पडला नसता. नवे खासदार वाईट गृहस्थ नाहीत. आमच्याकडे आले मात्र नाहीत, आणि का यावं?

आयलीने काम सोडलं असं कधी म्हटलं नाही, आणि तिच्याकडून ते कुणी काढूनही घेतलं नाही. पुढच्या निवडणुकीला पीटला मी नेलं. आयलीने त्या दिवशी पडदे धुतले. दोन हिवाळे ती टेक्ससला डॅरिलकडे राहून आली. तिथली मतदार म्हणून नाव घाल, असं तो म्हणत होता. "मला इथलं काय ठाऊक?" म्हणून ती वसंतात परत आली. बुधवारी चर्चमध्ये सूप करते, पीटशी पत्ते खेळते, बहुतेक हरते.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही दोघी तिच्या पायरीवर शेंगा सोलत होतो. डॅरिलचा फोन आला.

"आई, आमचा मतदारसंघ बदलला. गणती नाही, काही नाही, मध्येच. नवा नकाशा काढला."

"तू कुठे गेलास?"

"घर तिथेच आहे गं. मतदारसंघ दुसराच. ज्याला मत दिलं होतं तो आता आमचा नाही."

आयलीने हातातली शेंग परातीत ठेवली. "मग? तुला काय वाटलं?"

पलीकडे हातोड्यांचे आवाज येत होते. तो छपरावर असावा.

"काही नाही," डॅरिल म्हणाला. "कामावर यायचं होतं."

तिने ती शेंग पुन्हा उचलली आणि सोलली. गल्लीत कुणीच नव्हतं.

"ऊन फार असेल तिकडे," ती म्हणाली. "पाणी पीत जा."