बिनभोकाचा कॅन

माणसं पोटासाठी शिवतात, दळतात, रंगवतात, बांधतात. चांगली वस्तू हातात घेऊन ती मुद्दाम निकामी करणं हाही एक पोटाचा धंदा असू शकतो, हे सहसा कुणाला सुचत नाही. टोचामावशी नेमकं तेच करायची आणि त्याचा पगार घ्यायची.

ती एका मोठ्या संशोधन संस्थेत होती. तिथल्या प्रयोगशाळांत रसायनं यायची ती निळ्या प्लास्टिकच्या जाड कॅनमधून. आणि वापरून झालेलं, एकमेकांत मिसळलेलं, आता कुणालाच नको असलेलं रसायन तसल्याच कॅनमधून इमारतीमागच्या पत्र्याच्या खोलीत जायचं. त्या खोलीत आम्लं एका बाजूला, पेट घेणारी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये भिंत. भांडखोर जावांना ठेवावं तसं. कचऱ्याच्या कॅनच्या मुठीवर मावशी आधीच लाल रंगाचा पट्टा ओढून ठेवायची, म्हणजे चुकून कुणी त्यात दुसरं काही भरू नये. अधूनमधून गाडी यायची, आतलं सगळं जाळायला घेऊन जायची आणि मागे रिकामे कॅन उरायचे. तिथून मावशीचं काम सुरू. कॅन विसळायचे. विसळलेलं पाणीसुद्धा मोरीत न ओतता कचऱ्याच्या पिंपात ओतायचं. चिठ्ठ्या खरवडायच्या. आणि मग कॅन उलटा करून बुडाला लोखंडी टोचा लावायचा आणि वर हातोडीचा घाव. त्या कॅननं पुन्हा जन्मात काही धरून ठेवू नये, एवढीच व्यवस्था.

हे का करायचं, ते सुरक्षा अधिकाऱ्यांनी तिला सुरुवातीलाच समजावलं होतं. "मावशी, प्लास्टिक पितं. वरून कितीही धुवा, कॅनच्या अंगात राहतंच. मग सावकाश बाहेर सोडतं." मावशीला हे चटकन पटलं. तिच्या सासूचा स्वभाव असाच होता.

मावशी राहायची त्या गल्लीत नळाला पाणी यायचं ते एक दिवसाआड, सकाळी, आणि तेही उपकार केल्यासारखं. त्यामुळे तिथे माणसाची ऐपत त्याच्या कपड्यांवरून नाही, घरातल्या पाण्याच्या भांड्यांवरून ओळखायची पद्धत होती. अशा गल्लीतली एक बाई रोज घट्ट झाकणाचे, दणकट मुठीचे कॅन फोडून घरी येते, हे कळल्यावर लोकांना जे वाटलं ते समजण्यासारखं होतं.

"हात झडत नाहीत का गं तुझे?" कोपऱ्यावरची दुकानदारीण विचारायची. टोचामावशी हे नाव तिनंच ठेवलं. तोंडावर टोचामावशी, पाठीमागे नुसतं टोचा.

गल्लीची ती अशी मानलेली मावशी. सख्खी मावशी ती एकाच जिवाची व्हायची होती. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या बहिणीला तिनंच वाढवलं होतं. स्वतःचं लग्न, नवरा, वैधव्य हे सगळं तिनं मधल्या वेळात उरकलं. पुढे बहिणीचं लग्न एका शिंप्याशी लावून दिलं आणि बिऱ्हाड समोरच, गल्लीच्या पलीकडच्या अंगाला करून दिलं. खिडकीतून एकमेकींना हाक मारता येईल एवढं अंतर. या अंतराचा पुढे फार त्रास झाला.

"ताई, मला एक कॅन आण ना," नवा संसार मांडता मांडता बहीण म्हणाली.

"फुटका? काय करायचाय?"

"फुटका कशाला? भोक पाडायच्या आधीचा. तुझ्याच तर हातात आहे."

"हातात आहे म्हणूनच नाही."

"एक गं. एका कॅननं काय संस्था बुडणार आहे?"

"संस्था नाही बुडणार. तू त्यातलं पाणी पिशील."

"मग? पाणी प्यायलाच मागतेय. शोभेला नाही ठेवणार."

मावशीनं दुसऱ्या दिवशी बाजारातून झाकणाची नवी बादली आणून दिली. बादली नवी होती, पण जातीनं बादलीच. थोड्याच दिवसांत झाकण तडकलं, मग कडी निघाली. "हातातले धड कॅन फोडायचे आणि बहिणीला खेळणं आणून द्यायचं," असं बहीण म्हणाली आणि बोलायची थांबली. म्हणजे ताईशी बोलायची थांबली. ताईला ऐकू जाईल असं मांजराशी बोलणं तिनं चालू ठेवलं.

"काही लोकांचं मन कसं असतं माहितेय का, मने? बुडाला टोचलेल्या कॅनसारखं. वरून कितीही माया ओत, खाली गळून जाते."

मांजर यावर मिशा चाटायचं. समोरच्या खिडकीत मावशी तांदूळ निवडत राहायची. बहिणीला दिवस गेले, मुलगी झाली, मुलगी बसायला लागली, हे सगळं मावशीनं खिडकीतून पाहिलं. एकदा तिनं विणलेलं टोपरं शिंप्याच्या हाती पाठवलं. ते घडीसकट परत आलं. शिंपी बिचारा म्हणाला, "ताई, मी कापड जोडतो हो. माणसं जोडायचं मशीन नाही माझ्याकडे."

तशात संस्थेला पर्यावरणाचा उमाळा आला. जिन्याजिन्यात 'पुनर्वापर करा' अशा पाट्या लागल्या. सुरक्षा अधिकाऱ्यांना बाग आणि वाहनतळ बघायला सांगितलं. रिकाम्या वस्तूंचं काम ठेकेदाराकडे गेलं. भोक पडलेल्या कॅनला भंगारात भाव नव्हता, धड कॅनला होता, आणि पर्यावरणाचंही नेमकं तेच म्हणणं होतं.

"मावशी, टोचा जमा करा," मुकादम म्हणाला.

"मग कॅनना भोकं कोण पाडणार?"

"कॅन ठेकेदार बघेल."

"तो पाडणार का पण?"

"मावशी, तुम्हाला भोकं पाडायची एवढी हौस का हो?"

तिला व्हरांडे पुसायला दिलं. त्या वर्षी संस्थेला पुनर्वापराबद्दल एक काचेचं मानचिन्ह मिळालं. ते दर्शनी कपाटात ठेवलं आणि त्यावरची धूळ पुसायचं कामही मावशीकडेच आलं. ती ते नीट पुसायची.

काही दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी, भंगारवाल्याच्या पत्र्याखाली निळे कॅन दिसले. धड. झाकणासकट.

"कुठून आणलेस रे?"

"आकाशातून पडले, मावशी. तुमच्या हातून सुटले आणि इथे पडले."

"पाण्यासाठी विकू नकोस. विषारी आहेत."

"मी कुठं पाण्यासाठी विकतो? मी कॅन विकतो. लोक त्यात काय भरतात, ते मी कसं विचारू? उद्या म्हणाल, चपला विकतोस तर कुठं जाणार ते विचार."

मावशी घरोघर गेली. त्या आधी ती कुणाच्या दारात फारशी जायची नाही, त्यामुळे सुरुवातच चुकल्यासारखी झाली. प्लास्टिक पितं, अंगात धरून ठेवतं, मग सोडतं, असं ती सांगायची.

"माझा नवराही पितो," दुकानदारीण म्हणाली. "त्याच्या अंगात पण बरंच काही राहतं आणि मग रात्रभर सोडत बसतो. म्हणून काय त्याला भोक पाडू?"

सगळ्या बायका हसल्या. मावशीलाही क्षणभर हसू आलं आणि ते तिच्या बोलण्याला फार महागात पडलं. एकीनं खरं ते बोलून दाखवलं: "एवढी वर्षं आम्हाला एक दिला नाहीस. आता आम्हाला आमचे मिळाले तर पोटात दुखतंय." ज्यानं नाही म्हटलं, त्याचा सावधगिरीचा सल्लाही लोकांना नकारासारखाच ऐकू येतो.

ती सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेली. ते वाहनतळावर पांढऱ्या रेघा मारून घेत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर आहे, मावशी," ते म्हणाले. ज्याच्यासाठी काही करता येणार नाही, त्याला द्यायचं हे वाक्य आहे, हे मावशीला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते पुन्हा रेघेकडे वळले. रेघ जराशी वाकडी गेली होती.

आणि एका दुपारी शिंपी दारात आला.

"ताई, चला. ती बोलावतेय. म्हणते, पोरीला मावशी कोण ते कळायला नको का?"

मावशीनं लुगडं बदललं. परत आलेलं टोपरं घेतलं. मुलीच्या डोक्याला ते आता होणार नव्हतं, तरी घेतलं. गल्ली ओलांडली. एवढं अंतर ओलांडायला तिला दोन वर्षं लागली होती.

बहीण दारातच रडली. मग हसली. "किती वाळलीस गं, ताई!" मुलगी तिनं उचलून सरळ मावशीच्या मांडीवर ठेवली. मुलीनं मावशीचं नाक पकडलं आणि ते आपलंच असल्यासारखं ओढलं. दुकानदारीण काहीतरी निमित्त काढून उंबऱ्यावर येऊन टेकली. तिच्यामागे आणखी दोघी. समेट पाहायला तिकीट नसतं.

"थांब, पाणी देते," बहीण म्हणाली.

कोपऱ्यात स्टुलावर काहीतरी होतं. शिंप्यानं त्याला फुलाफुलांच्या कापडाचा, झालर लावलेला अभ्रा शिवला होता. बहिणीनं कौतुकानं अभ्रा वर केला. निळा कॅन, खाली तोटी बसवलेली. मूठ घासून स्वच्छ केली होती. पण मुठीच्या आतल्या खाचेत, जिथे कुणाचं बोट पोचत नाही तिथे, लाल रंग तसाच होता. तो कुंचला कुणाचा, हे मावशीला कुणी सांगायची गरज नव्हती.

"हा कॅन—"

"आज नको, ताई." बहिणीचा आवाज एकदम खाली आला. तिनं भरलेला पेला पुढे धरला. "हात जोडते. बाकी कधीही बोल. आज तेवढं नको."

मावशीनं पेला घेतला. पाणी थंड होतं आणि त्याला पत्र्याच्या खोलीचा वास होता. अगदी पुसट, गोडसर. ज्यांनी ती खोली पाहिली नाही त्यांना तो थंडाव्याचा वास वाटावा. नाही म्हटलं तर ही गल्ली पुन्हा ओलांडायला मिळणार नव्हती. मांडीवरच्या मुलीनं पेल्याकडे दोन्ही हात केले. उरलेलं तिला पाजतील, हे मावशीच्या लक्षात आलं. म्हणून तिनं पेला तोंडाला लावला आणि एका दमात, तळाचा थेंबसुद्धा न ठेवता, पिऊन टाकला.

"अगं बाई, केवढी तहान!" बहीण सुखावून हसली. तिनं पेला पुन्हा भरला. दुसरी एक छोटी वाटीही भरली आणि मुलीच्या ओठांना लावली. "मावशी प्यायली ना? मग तू पण पी. शहाणी माझी."

मावशीनं तोंड उघडलं. पण त्याच तोंडानं तिनं नुकतंच पाणी प्यायलं होतं.

"घ्या!" उंबऱ्यावरून दुकानदारीण म्हणाली. "टोचामावशीनं पेला रिकामा केला. आता कुणाला विचारायचंय?"

खरंच कुणाला विचारायचं उरलं नव्हतं. जी दोन-चार घरं मावशीच्या बोलण्यानं बिचकली होती, त्यांनी त्याच संध्याकाळी कॅन नेले. भंगारवाला कृतज्ञ माणूस. "टोचामावशी पितात तोच!" असं तो नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. त्याच्या धंद्यात इतकं खरं बोलायची संधी क्वचित मिळते.

मावशी आता रोज समोर जाते. पोरीला खेळवते. टोपरं बाहुलीला झालं. दोन-तीनदा तिनं विषय काढून पाहिला. "मग त्या दिवशी कशी प्यायलीस?" बहीण विचारते, अगदी मायेनं. "उगाच भीती घालतेस गं, ताई. तुला झालं का काही?" मावशीला काही झालेलं नाही. हे सावकाश सोडतं, असं तिला सांगितलेलं आहे. ती आपली पोरीच्या डोळ्यांत, नखांत, त्वचेवर बघत बसते. बहिणीला वाटतं, केवढा हा लळा!

मागच्या आठवड्यात बहिणीनं तिलाही एक कॅन घेऊन दिला. शिंप्यानं जुळा अभ्रा शिवला, तीच फुलं, तीच झालर. "तुझी ती बादली टाक आता," बहीण म्हणाली आणि कॅन स्वतः उचलून आणून कोपऱ्यात ठेवला.

ती गेल्यावर मावशीनं दार लोटलं. अभ्रा काढून घडी करून ठेवला. कॅन उलटा केला, गुडघ्यांत धरला, बुडाला स्वयंपाकाची सुरी लावली आणि वरून वरवंटा मारला. सुरी वाकली. तिनं ती जमिनीवर ठेवून सरळ केली आणि पुन्हा लावली. बुडावर एक पांढुरका ओरखडा उठला, बस. कॅन खरोखरच फार चांगला होता. गल्ली हे तिला पहिल्यापासून सांगत आली होती.