सासऱ्याच्या मुळावर आलेला आकडा

कसं सांगू तुम्हाला, माझ्या कानांनी माझा असा घात केलाय की आता कुणी फोनवर बोलायला लागलं तर मीच आत पळते!

कळंबला आमच्या भिंतीला भिंत लागून तात्यांचं घर. त्यांचा वैभव कॉलेजात गणित शिकवतो. त्याला तेर गावची मुलगी पसंत पडली होती, आणि त्या दिवशी सुपारी फुटायची होती. सकाळी मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. पलीकडं वैभव फोनवर बोलायला लागला, तर मी कान काय खाली ठेवून येऊ?

"मूळच निघाली रे! इतकी देखणी, वाटलंच नव्हतं. पण पक्की मूळ! घरी? छे, घरच्यांना काय कळतंय!"

कुरडई हातातच मोडली! मूळ नक्षत्राची सून म्हणजे सासऱ्याच्या जिवावर, असं आमच्याकडच्या बायका मानतात. आणि तात्या तर लई भला माणूस. गप्प बसू व्हय?

कठड्यावरनंच तात्यांच्या बायकोला ओरडले, "सुशीलावहिनी, घात झाला! पोरगी मूळ नक्षत्राची हाय! वैभव लपवायलाय!"

"हळू बोला की! तात्या खाली दाढी करायलेत."

करत होते. ऐकलं, आणि अर्ध्या दाढीनिशी गोधडीत शिरले. "मला आत्ताच कसंतरी व्हायलंय."

पाहुणे आले तर सासरा गोधडीत! मुलगी पाया पडायला वाकली, तसे तात्या भिंतीकडं सरकले. "लांबूनच बाई, लांबूनच!"

मुलीचे वडील उठलेच. "अपमान करायला बोलावलं का आम्हाला? चल गं!"

आता मोडतंय की लग्न! मला बोलावंच लागलं. "वैभव, तूच म्हणलास न्हवं, मूळ निघाली म्हणून?"

वैभव आधी पांढरा पडला, मग लालेलाल झाला. खिशातनं खडू काढून फरशीवर लिहिलं: १२३४५६७८९१०९८७६५४३२१.

"काकू, ही निघाली मूळ! एकापासून दहापर्यंत चढायचं, परत एकापर्यंत उतरायचं. एवढी लांबलचक, पण एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात न्हाय. मूळ संख्या!"

"मग नक्षत्र?"

"आकड्याला कुठलं आलंय नक्षत्र!"

मुलगी बी.एस्सी. ती भरजरी साडीत तिथंच फरशीवर बसली. "अय्या, तीननं पण न्हाय?"

"अंकांची बेरीज कर."

"एक्क्याण्णव. व्हय की, न्हाय जात!"

दोघांची डोकी त्या आकड्यावर अशी वाकली की मुलीचे वडील निमूट खाली बसले. निवलेले पोहे खाल्ले. सुपारी फुटली.

गोधडीतनं अर्ध्या दाढीचं तोंड बाहेर आलं. "वैभव, ते राहू दे. या शेजारणीला कशानं भाग जातो, तेवढं काढ!"

लग्न झालं, नवराबायको दोघंही अजून शोधायलेत. कशानंच जाईना. म्हणजे बघा, त्या घराच्या मुळावर आलेली मूळ मीच की!