तीन बोटं खोल

आत्यांना आमच्या घरात वर्षातून एकच दिवस मान होता, गहू पेरायचा. एरवी त्यांना कुणी काही विचारत नसे.

त्या माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामंजींच्या, थोरल्या बहीण. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आल्या, त्याला तीस वर्षं झाली. ही बाई फुकट खाते असं म्हणायची सासूबाईंना फार हौस, पण म्हणता येत नसे, कारण आत्यांची मूठ. आमच्याकडे पेरणी पाभरीने. बैल पाभर ओढतात, तिचे फण मातीत रेघा पाडत जातात आणि मागून चालणारी बाई वरच्या लाकडी वाटीत, म्हणजे चाड्यात, मुठीने बी सोडत जाते. ते नळ्यांतून खाली मातीत पडतं. बी किती सुटायचं ते सगळं त्या मुठीवर. जास्त सुटलं तर दाट गहू आडवा होतो, कमी सुटलं तर मोकळ्या जागेत तण माजतं. आत्यांनी पेरलेल्या ओळी बघायला लोक बांधावर थांबत. शेजारीपाजारीही पेरणीला त्यांनाच न्यायचे.

म्हणून बियाण्याची खोली त्यांची. उंदरांपासून आणि ओलीपासून बी राखायचं तर तिथे कुणीतरी झोपायला हवंच. खोली इवलीशी, पण दाराला आतून कडी होती. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्ही नवराबायको मधल्या खोलीत पडद्याआड झोपत होतो. पडद्यापलीकडे सासूबाई खोकायच्या. मला ती खोली हवी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याविषयी चांगलं मत व्हायला नको.

त्या वर्षी मशागत दृष्ट लागावी अशी झाली. रान नांगरून उन्हात तापवलं, ढेकळं फोडली, शेणखत विस्कटलं, दोनदा कुळवलं, मग पाणी देऊन भिजवलं. सहाव्या दिवशी आत्यांनी मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकला. गोळा फुटून पसरला. वाफसा आला होता, म्हणजे बी रुजेल एवढी ओल होती आणि फणाला चिखल चिकटणार नव्हता. उद्याच पेरा, असं त्यांनी सांगितलं.

पण पाभर दुरुस्तीला सुताराकडे होती आणि मामंजींचं सुताराशी वाजलं होतं. त्याने आमच्याआधी दुसऱ्याचं काम हातात घेतलं, एवढंच कारण. तो स्वतः आणून देईपर्यंत आपण त्याच्या दारात जाणार नाही, असं म्हणून मामंजी चार दिवस ओसरीवर फुगून बसले. सुतारालाही काही पडलेली नव्हती. शेवटी माझा नवराच गुपचूप जाऊन पाभर घेऊन आला. तोवर वरची माती भाजलेल्या पिठासारखी कोरडी झाली होती.

खालची ओल गाठायला मामंजींनी पाचर ठोकून फण खाली घेतले. आत्यांनी रेघेत बोटं घालून पाहिलं. गव्हाला तीन बोटं पुरे, हे सहा होतंय, कोंब वर यायच्या आधीच मरेल, रान पुन्हा भिजवा आणि थांबा, असं त्या म्हणाल्या. पुन्हा भिजवायचं म्हणजे चार दिवस आपल्या हट्टापायी गेले हे कबूल करायचं.

मामंजी म्हणाले, "तू मूठ सांभाळ. फणाचं मी बघतो."

बारा दिवस झाले तरी रान काळंच. कुठे एखाद्या खळग्यात चार पाती, म्हाताऱ्याच्या हनुवटीवर राहिलेल्या केसांसारखी. मामंजी, आत्या आणि मी असे तिघं बघायला गेलो. आत्यांनी खुरप्याने एक रेघ उकरली. दाणा रुजलेला होता. त्याचा पांढरा कोंब वाकडातिकडा होऊन अर्ध्या वाटेवरच कुजला होता. त्यांनी तो तळहातावर घेऊन भावापुढे धरला.

मामंजींनी तो बोटाने उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "एवढं खोल गेलंच कसं? मूठ जड झाली तुझी, ताई."

मुठीने बी खोल जात नाही. हे आम्हा तिघांना ठाऊक होतं, बैलांनाही ठाऊक असावं. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या पेरणीला आत्या ठरल्या होत्या, आणि गल्लीत काहीबाही कानावर आलं होतं. रेघ उकरली तेव्हा मी रानात होते म्हणून त्यांनी मलाच विचारलं. आत्या हाताच्या अंतरावर डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"खरं सांगू का काकू," मी म्हणाले, "आत्यांची मूठ म्हातारी झाली."

रान पुन्हा भिजवलं आणि चाडं माझ्याकडे आलं. मला कुठे येत होतं? आत्यांनीच शिकवलं. दोन दिवस चादर अंथरून, माझ्या मुठीवर स्वतःची मूठ धरून. मूठ उघडायची नसते, नुसती करंगळी सैल सोडायची असते. थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पेरणीच्या सकाळी मामंजींनी पाचर काढली आणि फण मुकाट्याने तीन बोटांवर आणले. आठवड्यात गहू वर आला. माझ्या ओळी कुठे दाट, कुठे विरळ, पण आल्या. बघा, हाताचाच दोष होता, असं सगळे म्हणाले.

आत्यांची खाट बियाण्याच्या खोलीतून ओसरीवर गेली. पेटी त्यांनी स्वतःच उचलली. त्यानंतर सासूबाईंनी त्यांना भाजीत मीठही घालू दिलं नाही, हाताचा भरवसा नाही म्हणून. पहिल्यांदा आत्या हसल्या. आता त्या आपणहूनच मला हाक मारतात.

"मीठ तू घाल गं. माझ्या हाताचं काही खरं नाही."

मी खोलीला आतून कडी लावून झोपते. झोप छान लागते, खोटं कशाला सांगू.

यंदा फणांना धार लावण्यावरून मामंजींचं लोहाराशी वाजलं. पाच दिवस गेले, वरची माती सुकली. आज सकाळी त्यांनी पाचर ठोकली तेव्हा मी वाकून रेघेत बोटं घातली. मामंजी, तीन पुरेत, असं मी दोनदा म्हणाले.

"तू मूठ सांभाळ," ते म्हणाले. "फणाचं मी बघतो."

आत्या पाण्याची कळशी घेऊन बांधावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या आपल्या चपलांकडे बघत होत्या.

मी मूठ भरली आणि बैल चालू लागले.