एक पाय अनवाणी

गल्लीच्या तोंडाशी बूट दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात संध्याकाळी डोकावलं, तर फळीवर बारा जोड आणि प्रत्येकातला एकच बूट तयार. एकाला सोल लावता लावता त्यांना दुसऱ्याची उसवलेली शिवण दिसे, ती अर्धी टाकून तिसऱ्याची टाच. हातातलं काम तडीस जाईल तर शपथ! म्हणून काकू शेजारी स्टुलावर बसून राखण करायच्या. "अहो, आधी हातातलं." चाळीस वर्षं हेच. चिडल्या की "आळशी आहात नुसते" म्हणायच्या. आणि हा आळशी माणूस दिवसभर घाण्याच्या बैलासारखा राबत असायचा.

एकसष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी या भिरभिरण्याचं नाव सांगितलं, एडीएचडी. जन्मापासूनचंच आहे म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. काका घरी येऊन रडले, सुटल्यासारखे. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "मी उगाच बोलत आले तुम्हाला."

"मग आता बहिणीकडे जा आठ दिवस. किती वर्षं म्हणतेयस."

"आणि तुमच्याकडे कोण बघणार?"

खरा प्रश्न तोच होता. काकांनी शक्कल लढवली. गिऱ्हाइकाने बूट ठेवून जायचं नाही. पायातला काढून द्यायचा आणि होईपर्यंत काकूंच्या स्टुलावर बसायचं. एक पाय अनवाणी घेऊन समोर बसलेला माणूस कितीही ठरवलं तरी विसरता येत नाही. काकू मनावर दगड ठेवून गेल्या.

दुसऱ्याच दिवशी काकांनी शाळेच्या बाईंना उठवून स्टुलाचाच डुगडुगता पाय ठोकायला घेतला. बाई एका पायावर उभ्या राहून म्हणाल्या, "काका, माझा बूट." शिकवायची सवय असलेला आवाज, काका मुकाट्याने बुटाकडे वळले. असं करत आठवडा निभावला.

आठव्या दिवशी काकूंचा फोन आला. "अहो, आणखी चार दिवस राहू का?"

काकांनी घाईने विचारलं, "बरी आहेस ना?"

"चांगली आहे. काल दुपारी झोपले, तीन तास. मध्येच दचकून उठले. मग म्हटलं, आता कुणाला हाक मारायची नाहीये. पुन्हा झोपले."

चाळीस वर्षांत ती दुपारी कधी झोपल्याचं काकांना आठवेना, आणि यात विसरण्याचा काही संबंध नव्हता.

"चार कशाला," ते म्हणाले, "महिनाभर राहा."